चौदा सुयांचे भय

कुत्रे चावलेल्या मुलास दवाखान्यात न्यावे की नाही, याचा खल घरात चार दिवस चालतो, आणि तोवर जखमेवर चुना किंवा मिरचीची पूड चोपडलेली असते, हा प्रकार आपल्या गावांतून अद्याप नाहीसा झालेला नाही. कारण विचारावे तर आजी सांगतात, "फादर, पोटात चौदा सुया! त्या सुयांनीच आमच्या शेजारचा एकजण कमरेखाली लुळा पडला." आजींचे हे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. असे खरोखरच घडत असे. ते का घडे आणि आता का घडत नाही, हे उमगल्यावाचून घरातले भय जावयाचे नाही. म्हणून या आठवड्यास थोडे वैद्यकशास्त्र.

लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास जी लस टोचली, ती रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून केलेली होती. पुढे १९११ साली डेव्हिड सेम्पल यांनी कसौली येथे निराळी लस सिद्ध केली. रोगट जनावराचा मेंदू घ्यावयाचा आणि त्यातील विषाणू फिनॉलने मारावयाचे, अशी तिची कृती होती. भारतात त्यासाठी बहुधा मेंढीचा मेंदू वापरीत. लस स्वस्त होती. तिने पुष्कळांचे प्राण वाचविले. मात्र ती पोटावर सात ते चौदा वेळा टोचावी लागे.

घात विषाणूंनी केला नाही, मेंदूच्या अंशाने केला. आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. विजेच्या तारेवर असते तसेच समजा. या वेष्टनामुळे संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेगाने धावू शकतो. ते गेले की संदेश रेंगाळतो, नाही तर वाटेतच विरतो. मेंढीचे मायेलिन आणि माणसाचे मायेलिन यांत फरक थोडा. पुन्हा पुन्हा टोचलेल्या त्या परक्या मायेलिनविरुद्ध शरीराचे रक्षक सज्ज होत, आणि क्वचित एखाद्याच्या शरीरात ते आपल्याच घरावर चालून जात. रक्तातील पांढऱ्या पेशी मेंदूतील बारीक शिरांभोवती गोळा होत, शिरेची भिंत ओलांडीत आणि भोवतालचे वेष्टन खाऊन टाकीत. अशा रोग्याच्या मेंदूची पातळ चकती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर शिरांभोवती फिकी कडी दिसतात. तेथे मायेलिन उरलेले नसते, आतला तंतू मात्र पुष्कळदा शाबूत असतो. म्हणूनच कित्येक रोगी पुढे चालू लागले. कित्येक लागले नाहीत, काही दगावलेही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ ते १९३५ या काळात माकडांना निरोगी सशाचा मेंदू वारंवार टोचून पाहिला. विषाणूचा लवलेश नसताना काही माकडे लुळी पडली! मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारातही शरीर आपल्याच मायेलिनवर उठते. त्याचा अभ्यास करणारे आजही या प्रयोगाच्या वाटेनेच जातात. त्या विकारात घाला एकदाच पडत नाही. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या जागी पडतो, आणि त्या जागी कठीण वण राहतात.

मेंदूपासून केलेली ही लस भारतात २००४ सालच्या डिसेंबरमध्ये बंद झाली. (इतका विलंब का लागला, असे कोणी विचारील, स्वस्ताई हे त्याचे एक मोठे कारण, आणि ते मला पुरेसे वाटत नाही.) आताची लस प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून करतात. तीत मेंदूचा अंश नसतो. ती दंडावर देतात, पोटावर नव्हे, आणि चौदा खेपाही लागत नाहीत. उलट, रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

संत ह्यूबर्ट यांचा धावा करण्यास माझी ना नाही. तो दवाखान्याच्या वाटेवरही करता येतो. त्याआधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या व सातव्या दिवशी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. रक्त आले असेल तर जखमेत तयार प्रतिद्रव्ये टोचावी लागतात. ती मागून घ्यावीत. गर्भवती स्त्रीस आणि तान्ह्या मुलासही ही लस देता येते.