दाताच्या दवाखान्यात एचपीव्ही लशीची चौकशी व्हावी

मा. संपादक,


पेण काय किंवा रोहे काय, दाताच्या दवाखान्यात कॅन्सर हा शब्द नवा नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी तंबाखू, सुपारी आणि मशेरी घरोघरी आहेतच. तोंड पुरते उघडेनासे झाले किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला की डॉक्टर कॅन्सरचे नाव घेतात आणि रुग्णही ते ऐकून घेतो. कॅन्सरविषयी बोलण्याचा हा अधिकार दंतवैद्यांकडे आधीपासून आहे. त्यांनी तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीसाठीही वापरावा आणि नऊ ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलीच्या पालकांना लशीबद्दल विचारण्याची रीत आपल्या दोन्ही गावांत पाडावी, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

हे काम दंतवैद्यांनीच का करावे, याचे उत्तर मुलांच्या वयात आहे. बाळपणीच्या लशी संपल्या की लसीकरणाचे कार्ड कपाटात जाते. पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा धनुर्वात-घटसर्पाचा डोस सोडला, तर धडधाकट मुलीला डॉक्टरकडे नेण्याचे कारण उरत नाही. दाताच्या दवाखान्यात मात्र ती याच वयात येते. दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी दाढ येते, वेडेवाकडे दात असतील तर तारा बसवतात. तारा म्हणजे वर्ष-दीड वर्ष ठरावीक दिवसांनी फेऱ्या आणि प्रत्येक वेळी बरोबर आई किंवा वडील. एचपीव्ही लशीचे वयही हेच. एचपीव्ही या विषाणूशी गाठ पडण्याआधी ती घेतली तर उपयोग सर्वांत जास्त, आणि लहान वयात शरीराचा प्रतिसादही अधिक चांगला मिळतो. भारतात 2022 साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आणि जवळपास 80 हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे. यातले बहुसंख्य रुग्ण ज्या दोन प्रकारांमुळे होतात, त्या 16 आणि 18 क्रमांकाच्या विषाणूंना ही लस अडवते. स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत हा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी आढळला. तो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला.

‘गर्भाशयाच्या आजाराशी दाताच्या डॉक्टरचा काय संबंध,’ हा आक्षेप येणारच. हाच विषाणू टॉन्सिल आणि जिभेच्या मागच्या भागाच्या कॅन्सरलाही कारण ठरतो. अमेरिकेत अशा कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के त्याच्याशी जोडले जातात, आणि तिथल्या दंतवैद्यक संघटनेने 2018 मध्ये आपल्या सभासदांना लशीचा पुरस्कार करायला सांगितले. पण हा आकडा इथे जसाच्या तसा आणू नये. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे. ‘लस घेतली, आता तोंडाची काळजी नको’ असा समज एकाही घरात गेला, तर फायद्यापेक्षा नुकसान मोठे. म्हणून दंतवैद्यांनी मुख्य कारण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचेच सांगावे, घशाचा उल्लेख जोडीला करावा आणि मशेरी सोडण्याचा आग्रह तसूभरही कमी करू नये.

खरी अडचण संकोचाची आहे. विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, हे मुलीसमोर कसे बोलायचे? तिथून सुरुवात करण्याची गरजच नाही. ‘ताई, मुलगी बारा वर्षांची झाली. कॅन्सर टाळणारी लस दिली का?’ एवढे पुरे. आई म्हणाली, ‘अजून लहान आहे,’ तर ‘म्हणूनच आत्ता द्यायची’ हे उत्तर खरेही आहे आणि सोपेही. मात्र विषाणू कसा पसरतो असे कोणी विचारले, तर ते लपवू नये. लपवलेली गोष्ट नंतर कळली की लशीवरचा विश्वासच जातो. लशीमुळे मुली वाहवतात या भीतीची तपासणी अमेरिकेत आणि कॅनडात झाली आहे आणि तसे काही आढळलेले नाही.

काहींना 2010 आठवेल. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा इथला लसीकरण प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूनंतर थांबला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही; पण संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे आले, कारण अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला आहे आणि कातकरी-ठाकूर मुली आश्रमशाळांत राहतात. तिथे दंततपासणीच्या शिबिरात लशीचा विषय निघाला, तर तो पालकांच्या सभेत, त्यांच्या बोलीत मांडला पाहिजे. मुख्याध्यापकांची सही त्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

दंतवैद्यांनी लस विकू नये आणि टोचूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी विचारावे, चिठ्ठी द्यावी आणि उपजिल्हा रुग्णालयाकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे; मग हेतूविषयी शंकाच राहणार नाही. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ 2023 मध्ये खासगी बाजारात आली ती डोसाला 2000 रुपये या किमतीने, आणि गणपतीच्या कारखान्यात रोजावर राबणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम जड आहे. पण एका डोसानेही दीर्घकाळ संरक्षण मिळते, हे ज्या भारतीय अभ्यासाने दाखवले त्यात आपल्या बार्शी आणि पुण्याच्या मुली होत्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका डोसाचा पर्याय मान्य केला आहे. सरकारी केंद्रात लस केव्हा आणि कोणत्या वयाला मिळते, याचा फलक दवाखान्यात लावणे तर अगदीच बिनखर्चाचे.

आणि मुलीबरोबर आलेली आई तिशी ओलांडलेली असेल, तर तिची स्वतःची तपासणी झाली आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्हीच्या एकाच तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. लस मुलीला मिळेल. आईसाठी आता तपासणी हाच मार्ग आहे आणि ती कुठे होते, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

आपला,
एक वाचक, पेण