जुनी गाडी आणि आपली भीड

वर्षअखेर जवळ आली की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. बोनस हातात पडणार आहे, मुलाला नोकरी लागली आहे, मुलीची बदली दूरच्या शाळेत झाली आहे. मग यंदा गाडी घ्यायची का? नवी गाडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा नजर वळते ती जपानहून आलेल्या लहान गाड्यांकडे, ज्यांना आपण सगळे ‘रिकंडिशन’ म्हणतो, किंवा येथेच दोन-तीन हातांतून गेलेल्या व्हिट्झ, मार्च, फिट यांच्याकडे. मीटरवर लाख-दीड लाख किलोमीटर झालेले असतात. अशी गाडी घेणे चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः अशाच एका गाडीतून शाळेत जातो. मात्र आपल्या समाजात ती ज्या रीतीने घेतली जाते, त्याबद्दल चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

रीत अशी. गाडी बहुधा ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसाची असते. आपण रविवारी दुपारी त्याच्या घरी जातो. चहा होतो, गोडधोड होते, मुलांच्या परीक्षांची विचारपूस होते. मग अंगणात जाऊन गाडीभोवती एक फेरी मारायची, दार उघडून लावायचे, किल्ली फिरवायची, ‘आवाज बरा आहे’ म्हणायचे आणि हात मिळवायचा. खाली वाकून पाहण्याची लाज वाटते. ‘मेकॅनिकला दाखवू का?’ असे विचारले तर काकांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, म्हणून आपण गप्प राहतो. याच भिडेपायी कित्येक घरांची दोन-तीन वर्षांची बचत रस्त्याच्या कडेला वाफ होऊन गेलेली आम्ही पाहिली आहे.

आमच्या ओळखीच्या एका तरुण शिक्षिकेची हकीकत घ्या. राहणे वाक्वाला, बदली माहेबूरला. कर्ज काढून तिने एक लहान गाडी घेतली. मीटरवर बहात्तर हजार. तिसऱ्या महिन्यात शाळेतून परतताना नूव्हेल फ्रान्सच्या पुढे चढावर इंजिन उकळले. हेड गॅस्केट गेले होते आणि हेडही वाकले होते. मेकॅनिकने बॉनेट उघडले, तेव्हा आत एका कोपऱ्यात जपानी गॅरेजने चिकटवलेला जुना कागद सापडला. टायमिंग बेल्ट बदलल्याची ती नोंद होती, एक लाख एक हजार किलोमीटरवरची! विकणाऱ्याने तिला फसवले की तोही आधी असाच फसला होता, हे कधीच कळले नाही. ती आजही हप्ते भरते आहे आणि रोज दोन बस बदलून शाळेला जाते आहे.

म्हणून पहिली गोष्ट मीटरची. मोठा आकडा वाईट आणि लहान आकडा चांगला, ही आपली समजूत सोडून द्यावी. बारा वर्षांची गाडी दीड लाख किलोमीटर चालली असेल तर वर्षाला साडेबारा हजार झाले. हा हिशेब चौथीचा मुलगाही करील, आणि हा वापर मुळीच जास्त नाही. बारा वर्षांत साठ हजार म्हणजे दिवसाला जेमतेम चौदा किलोमीटर. असे होऊ शकते. आपले बेटच मुळी पासष्ट किलोमीटर लांब. पण असा आकडा दिसला की पुरावा मागावा. शिवाय रोज दोन-दोन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचे तेल कधी पुरते तापत नाही, त्यातला ओलावा उडत नाही, आणि इंजिन आतून लवकर झिजते. पुरावा म्हणजे काय? जपानच्या निर्यात-दाखल्यावर किलोमीटरची नोंद असते, ती पाहावी. बॉनेटखाली आणि दाराच्या कडेला तेल बदलल्याचे, बेल्ट बदलल्याचे कागद चिकटवलेले असतात, ते शोधावेत. काही नसेल तर ब्रेकच्या पॅडलवरचे रबर पाहावे. पन्नास हजारांच्या गाडीचे रबर गुळगुळीत होत नाही. स्टिअरिंगचे कातडे आणि चालकाच्या आसनाची कडही तेवढ्यात उसवत नाही.

दुसरी गोष्ट, इंजिन थंड असताना जाणे. सकाळी जावे आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तेथे पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. गरम लागला तर विचारावे, का? सुरू होताच पहिल्या काही क्षणांत बरेच काही कळते. साखळी सैल झाली असेल तर ती तेवढ्यातच खडखडते. निळसर धूर आला तर तेल जळत आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर पाणी इंजिनात शिरत आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला तरी तोच संशय घ्यावा. मात्र थंड-दमट हवेत, अगदी कमी अंतर चालणाऱ्या गाडीत थोडा थर नुसत्या ओलाव्यानेही धरतो. क्यूरपीपच्या माणसाने तेवढे लक्षात ठेवावे.

येथे रेडिएटरबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडची मोठी चूक तेथे होते. आपल्या बेटावर पाणी गोठत नाही. मग कूलंटला पैसे कशाला, असे म्हणून लोक रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओततात. कूलंट केवळ गोठण्यापासून वाचवण्यासाठी नसते. त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि आतले धातू गंजत नाहीत. नळाच्या पाण्यावर पाच वर्षे चाललेल्या इंजिनात गंजाचा चिखल साठतो, बारीक नळ्या बुजतात, आणि एके दिवशी चढावर सुई लाल रेघेकडे जाते. थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडावे. हिरवे किंवा लाल स्वच्छ द्रव असेल तर ठीक. तांबूस गढूळ पाणी दिसले तर भाव पाडून घेण्यापेक्षा सरळ दुसरी गाडी पाहावी, असे आमचे मत आहे.

मग चढावर नेऊन पाहावी. घराभोवती एक फेरी मारून काही कळत नाही. पोर्ट लुई समुद्रसपाटीला आणि क्यूरपीप साडेपाचशे मीटरच्या आसपास. एअर कंडिशनर चालू ठेवून हा चढ चढावा आणि तापमानाची सुई पाहत राहावे. ऑटोमॅटिक असेल तर थांबलेल्या अवस्थेत डी आणि आर आलटून पालटून लावावे. गिअर लागायला क्षणभराहून अधिक वेळ लागला किंवा धक्का बसला, तर गिअरबॉक्स थकला आहे. २००१ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या होंडा फिटमध्ये निघताना थरथर होते, हे पुष्कळांच्या अनुभवाचे आहे. त्या गिअरबॉक्सला होंडाचेच ठराविक तेल लागते, भलतेच घातले की थरथर वाढते. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरावे. टक-टक ऐकू आले तर चाकाकडे जाणारे सांधे झिजले आहेत. दोदानवरून जाताना खालून ठोके येतात का, तेही ऐकावे. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ‘२३१६’ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी एवढे जुने रबर पावसात धरत नाही.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहत गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले. त्याआधी ३० मार्च २०१३ च्या पुरात तर माणसेही गेली. बुडालेल्या गाड्यांपैकी काही धुऊन, वाळवून पुन्हा विक्रीला येणार नाहीत असे कोणी मानू नये. वरून पॉलिश केले की त्या चमकतात. वर्षभराने तारांचे सांधे हिरवे पडतात आणि गाडी कुठेही, कधीही बंद पडते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. चिखलाची रेघ तेथे लपून राहते. गालिचा उचलावा, आसनाचे बोल्ट गंजले आहेत का पाहावे, स्टेपनीच्या खळग्यात हात घालावा. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे. कुबट वास आपोआप येतो. आत अत्तराचा घमघमाट सुटला असेल तर आमचा संशय उलट वाढतो.

गंजाचे तर आपण सगळे जाणकार. कास्कावेल, ब्लॅक रिव्हर, फ्लिक आँ फ्लाक येथील खारा वारा आणि वाक्वा-क्यूरपीपचा पाऊस, दोन्ही पत्रा खातात. दाराच्या खालच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी बोटांनी ठोकून पाहाव्यात. पुट्टी असेल तेथे आवाज बद्द येतो. शक्य तर लोहचुंबक न्यावे, पुट्टीवर ते चिकटत नाही. तोलियेने काम सुबक केले असेल तर डोळ्यांना काही दिसणार नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊकच नाही. ताकाता या जपानी कंपनीने बनवलेल्या एअरबॅग जगभर परत बोलावल्या गेल्या. २००० नंतरच्या दशकातल्या होंडा, टोयोटा, निसान यांच्या अनेक गाड्यांत त्या बसवलेल्या होत्या. त्यांतले स्फोटक द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने बिघडते, आणि मग अपघातात एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे उडतात. त्यात माणसे दगावली आहेत. उष्ण आणि दमट, म्हणजे आपलीच हवा. चासी नंबर लिहून घ्यावा आणि त्या कंपनीच्या येथील एजंटकडे विचारावे की या गाडीची एअरबॅग बदलली गेली आहे का. उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत. या बाबतीत आम्ही कुणाचीही भीड धरणार नाही.

तोच चासी नंबर नोंदणी पुस्तकाशी, ज्याला आपण बोलताना ‘हॉर्सपॉवर’ म्हणतो, ताडून पाहावा. मालक म्हणून लीझिंग कंपनीचे नाव असेल तर आधी तिचा हिशेब पुरा व्हावा. फिटनेसचा दाखला असणे चांगलेच. पण तो त्या दिवशीच्या ब्रेकचा आणि दिव्यांचा दाखला आहे, इंजिनाच्या पुढल्या आयुष्याची हमी नव्हे. किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करावा, कारण तेले, बॅटरी, बेल्ट यांचा खर्च पहिल्याच महिन्यात येतो.

आणि विकणाऱ्या बंधूंनाही एक विनंती. घेणारा आला की तुम्हीच म्हणावे, ‘घेऊन जा, तुझ्या मेकॅनिकला दाखव.’ एवढ्या एका वाक्याने त्याची भीड मोडेल. गाडी दहा वर्षे तुमच्याकडे असेल तर शाळेच्या साध्या वहीत तारीख, किलोमीटर आणि काम लिहून ठेवा. अशी वही सोबत मिळाली तर दोन लाख किलोमीटरच्या गाडीलाही आम्ही आनंदाने चार पैसे अधिक देऊ.

ती माहेबूरची शिक्षिका आता पुन्हा गाडी पाहते आहे. या वेळची रोज हिलला आहे, एक लाख चाळीस हजार झालेली, दूरच्या नात्यातल्याच एका गृहस्थांची. शनिवारी सकाळी सात वाजता तिच्यासोबत आम्ही आणि एक मेकॅनिक जाणार आहोत. आम्ही येईपर्यंत किल्ली फिरवू नका, असे तिने स्वतःच फोन करून सांगितले. ते थोडे रागावले म्हणे, पण ‘या’ म्हणाले.