ताकोपीचे पाप आणि मोठ्यांची गैरहजेरी

‘ताकोपीचे मूळ पाप’ ही सहा भागांची जपानी अ‍ॅनिमे मालिका २८ जून ते २ ऑगस्ट २०२५ या काळात क्रंचीरोल या स्ट्रीमिंग सेवेवर आली आणि अमेरिकेतील प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. मूळ चित्रकथा ‘तायझान ५’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या मांगाकाराची आहे. ती डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ‘शोनेन जंप प्लस’वर १६ प्रकरणांत आली होती. तिची मालिका एनिशिया या स्टुडिओने केली असून दिग्दर्शन शिन्या इइनो यांचे आहे.

कथेत हॅपी नावाच्या ग्रहावरून एक गुबगुबीत गुलाबी जीव पृथ्वीवर येतो. विश्वात आनंद पसरवणे हे त्याचे काम. त्याला शिझुका कुझे ही चौथीतली मुलगी भेटते, आपल्या जेवणातला पाव त्याला देते आणि त्याचे नाव ताकोपी ठेवते. शिझुकाचे वडील घर सोडून गेले आहेत आणि आई रात्री कामावर असते. दप्तरावर वर्गातल्या मुलांनी घाणेरडे शब्द लिहून ठेवले आहेत. चाप्पी हा कुत्रा एवढाच तिचा सोबती. ताकोपी तिला उडण्याचे पंख देऊ करतो, तर ती पंखांकडे नीट बघतही नाही, कारण उडता आले तरी तिच्या आयुष्यात काही बदलणार नसते. पुढे चाप्पीही जातो. भांडलेल्या दोघांचे मन जुळवणारी एक जादूची फीत ताकोपीकडे असते. वर्गातल्या मारिनाशी समेट करायचा आहे, असे सांगून शिझुका ती एकटीने मागून घेते आणि त्याच फितीने जीव देते. ताकोपीला मृत्यू म्हणजे काय हेच कळत नाही. आपल्या कॅमेऱ्याने तो काळ मागे नेतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा हरतो. शिझुकाला छळणारी मारिना अखेर त्याच कॅमेऱ्याच्या घावाने त्याच्याच हातून मरते. ज्याला वाईट म्हणजे काय ते माहीत नव्हते, त्याच्या हातून घडलेले हे पाप.

मराठी वाचकाला हा साचा चांगलाच ओळखीचा आहे. शाळेत मार खाणारे मूल, आकाशातून आल्यासारखा मित्र, त्याच्या पोतडीतले एकेक गॅझेट: हा डोरेमॉनचा संसार आहे, आणि शिझुका हे नावही तिथलेच. डोरेमॉन २०१४ मध्ये डिस्ने एक्सडीवर अमेरिकेत आला तेव्हा त्याला अमेरिकी वेश चढवला गेला. नोबिताचा ‘नोबी’ झाला, चॉपस्टिक्सच्या जागी काटे आले, आणि नोबिताच्या पेपरावरचे शून्य पुसून तिथे ‘एफ’ लिहिले गेले. ताकोपीत असे काही पुसलेले नाही. शाळेतून घरी गेलेल्या नोबितासाठी जेवण तयार असते, आई रागावते पण वाट बघत असते. ते घरच नसते तर गॅझेट किती पुरले असते, हा प्रश्न या मालिकेने उघड विचारला आहे.

अशा कथांवर अमेरिकेत होणारे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला आक्षेप असा की हे दुःखाचे प्रदर्शन आहे: लहान मुलांची विटंबना रंगवून प्रेक्षकाला रडवायचे आणि त्यालाच कला म्हणायचे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, की कोवळ्या मनावर असे चित्रण उलटे परिणाम करते. तिसरा असा की छळणाऱ्या मुलीच्या घरची व्यथा दाखवून तिचा गुन्हा सौम्य केला आहे. या तिन्हींच्या तळाशी बहुधा न बोललेला चौथा असतो: मुलांच्या हाती पडणाऱ्या कथेत आईवडील इतके वाईट दाखवू नयेत.

या चौथ्यापासून सुरुवात करणे योग्य, कारण अमेरिकेत त्याचा एकदा नियमच झाला होता. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थॅम यांनी ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकात बालगुन्हेगारीचा दोष कॉमिक्सवर ठेवला. त्याच वर्षी सेनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात रक्तपात आणि भुतेखेते यांच्यावर बंधने होतीच, शिवाय कथेतून आईवडिलांविषयी आदर वाढीस लागला पाहिजे, असेही कलम होते. पुढे ही संहिता सैल होत गेली आणि २०११ मध्ये शेवटच्या मोठ्या प्रकाशकांनीही तिची साथ सोडली. मूळ कलम काटेकोर पाळायचे, तर ज्या मुलाला घरातच जखमा होतात त्याची गोष्ट छापायची सोयच उरत नव्हती.

वर्थॅम वाईट माणूस नव्हता, हे न्यायाने सांगायला हवे. हार्लेममध्ये त्याने गरीब कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना चालवला, आणि शाळांतील वर्णभेदाने मुलांचे काय होते याविषयीची त्याची साक्ष वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याला उपयोगी पडली. म्हणूनच त्याची चूक नीट समजून घेतली पाहिजे. त्याची कागदपत्रे २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरल टिली यांनी टिपणे आणि छापील पुस्तक शेजारी ठेवून वाचले, आणि २०१२ च्या लेखात दाखवून दिले की मुलांच्या जबान्या वाकवल्या होत्या, जोडल्या होत्या, सोयीने कापल्या होत्या. मुलांच्या घरची आणि वस्तीची जी दुखणी टिपणांत होती, ती पुस्तकात आलीच नाहीत. पुस्तकात उरले कॉमिक्स. मुलाच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवले की त्याच्या घराकडे बघण्याची गरज राहत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. ताकोपीवर ‘मुलांना बिघडवते’ असा शिक्का मारणारा आज नकळत त्याच वाटेने जातो.

कोवळ्या मनावरच्या परिणामांचा दुसरा आक्षेप मात्र असा झटकता येत नाही. नेटफ्लिक्सवर ३१ मार्च २०१७ रोजी ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरची मालिका आली. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये १० ते १७ वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा २८.९ टक्क्यांनी वाढल्याचे २०१९ मधील एका अभ्यासाने मांडले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॅनियल रोमर यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि वाढीचा दोष मालिकेवर ठेवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. वाद मिटलेला नाही. तरी नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये आत्महत्येचे दृश्य काढून टाकले, आणि ते योग्यच झाले.

पण दोन्ही कथांची रचना पाहिली तर फरक लपत नाही. त्या अमेरिकी मालिकेत मेलेल्या मुलीचा आवाज ध्वनिफितींतून भाग संपेपर्यंत बोलत राहतो. जिवंतपणी न ऐकणाऱ्यांना ती मेल्यावर ऐकायला लावते, म्हणजे मृत्यूने तिला हवे ते मिळते. दुखावलेल्या मुलाच्या मनात नेमकी हीच घातक कल्पना घर करून असते. ताकोपीत शिझुकाच्या मृत्यूने कोणाचे डोळे उघडत नाहीत आणि कोणाला धडाही मिळत नाही. एक आयुष्य तिथे थांबते, एवढेच. म्हणून मालिकेचा सगळा जोर ती जगावी यासाठी शंभर वेळा धडपडण्यात आहे. तरीही ही मालिका चौथीतल्या मुलांबद्दल आहे, चौथीतल्या मुलांसाठी नाही. गुलाबी गोंडस चेहरा पाहून आठ वर्षांच्या मुलासमोर ती लावून स्वयंपाकघरात निघून जाणारा पालक चूक करतो आहे. त्याहून मोठ्या मुलाने ती बघितली, तर शेजारी कोणीतरी बसलेले असावे. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी मदतीचा क्रमांक चालू आहे, तोही त्या घरात माहीत असावा.

दुःखाचे प्रदर्शन हा आक्षेप मराठी प्रेक्षकाला फार काळ अडवणार नाही. ‘फँड्री’ या चित्रपटातल्या जब्याला सगळा गाव हसतो आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याच्या दिशेने येतो. त्या दगडानंतर ‘उगाच रडवले’ असे म्हणायला कोणी धजावत नाही. दुःख दाखवले यात दोष नसतो. बघणाऱ्याला सुरक्षित अंतरावर बसवून ते चाखायला दिले, तर दोष असतो. ताकोपी स्वतःच असा दूरचा प्रेक्षक आहे. शिझुकाच्या अंगावरचे घाव बघून तो हसतमुखाने तिला नवे खेळणे देऊ करतो, आणि त्याचा तो आनंदी सूर ऐकताना पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते. मुलाच्या रडण्यावर खाऊ, खेळणे, नवा फोन हाच उपाय ज्यांना सुचतो, त्या सगळ्या मोठ्यांचा तो आरसा आहे.

तिसऱ्या आक्षेपातला मारिनाचा प्रश्नही यातूनच सुटतो. तिचे वडील शिझुकाच्या आईकडे पैसा उधळतात, आणि त्याचा राग तिची आई मारिनावर काढते. मारिना मेल्यावर ताकोपी तिचे रूप घेऊन तिच्या घरी जातो आणि ती रोज कोणत्या दारातून आत जात होती, ते त्याला पहिल्यांदा कळते. मालिकेतला हा सर्वांत कठीण आणि सर्वांत खरा प्रसंग आहे. मारिनाने केलेले क्रौर्य तिथे कमी होत नाही: चाप्पीला न्यायला तिनेच लावले, शिझुकाच्या जगण्याचा आधार तिनेच तोडला. पण ते क्रौर्य कोठून आले, ते दिसते. कारण सांगितले म्हणून क्षमा केली असे होत नाही. कारण न शोधता शिक्षा करत राहण्याचा मार्ग अमेरिकेतील शाळांनी भरपूर चालून पाहिला आहे. १९९९ मध्ये जॉर्जियाने छळविरोधी कायदा केला आणि २०१५ मध्ये मोंटानाने केल्यावर पन्नासही राज्यांत कायदा झाला. तरी तो लागू होतो मुख्यतः शाळेच्या आवारात. मारिनाचा छळ सुरू होतो तिच्या स्वयंपाकघरात.

आणि इथेच या कथेचे खरे मोल आहे. मार दिसतो, दुर्लक्ष दिसत नाही. अमेरिकेत बालअत्याचाराच्या सिद्ध झालेल्या प्रकरणांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुले हेळसांडीची बळी असतात. मारहाणीचे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी आहे. तरी अभ्यासकांचे लक्षही तिकडे उशिरा गेले. सॅन डिएगोत कायझर परमनेंटे आणि सीडीसी यांनी बालपणीच्या आघातांची प्रसिद्ध पाहणी केली. डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट आंडा यांचा तिच्यावरचा लेख १९९८ मध्ये आला. पुढे सतरा हजारांहून अधिक प्रौढांपर्यंत गेलेल्या या पाहणीच्या पहिल्या फेरीत हेळसांडीचा रकानाच नव्हता. शारीरिक आणि भावनिक हेळसांड दुसऱ्या फेरीत आली. सवंगड्यांकडून होणारा छळ तर मूळ दहा प्रकारांत नव्हताच. तो फिलाडेल्फियातील नंतरच्या पाहणीने जोडला. शास्त्राच्या रकान्यांत ज्या दोन गोष्टी मागाहून आल्या, त्या या कथेच्या पहिल्या भागातच शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी कशी फोफावते हेही तिथे दिसते: ज्या मुलाची घरी कोणी वाट बघत नाही, त्याला शाळेत बिनधास्त छळता येते.

हेळसांड म्हणजे गरिबी, उपासमार, व्यसन असा समज अमेरिकेतल्या मराठी घरांतही आहे, आणि तो नाओकी अझुमा मोडून काढतो. अझुमा वर्गाचा प्रमुख, हुशार आणि खात्यापित्या घरचा. त्याची आई शंभर गुण मिळाले तर पॅनकेक करते. गुण कमी पडले की समोरची बशी उचलली जाते. आवाज चढत नाही, हात उगारला जात नाही. बशी तेवढी जाते. जुन्या नावाचा थोरला भाऊ सगळ्यात पुढे असतो आणि धाकट्याला दिवसभर त्याच्या सावलीत मोजले जाते. एडिसन असो की क्युपर्टिनो, ‘दादाकडे बघ जरा’ हे वाक्य कोणत्या मराठी घरात म्हटले गेले नाही? शाळेत डब्यावरून, नावावरून, रंगावरून चिडवले असे मुलाने सांगितले की ‘तू लक्ष देऊ नकोस, अभ्यास कर’ असे उत्तर मिळते. आईवडील वाईट नसतात. व्हिसा, घराचे हप्ते, इकडे एकटे पडलेले आपण आणि तिकडे एकटे पडलेले म्हातारे आईबाप, यांत ते स्वतःच दमलेले असतात. पण मूल एकदा सांगते, दोनदा सांगते, मग सांगायचे थांबते. अझुमाही थांबलेला आहे. म्हणूनच शिझुकाने ‘तूच मदत कर’ म्हटल्यावर हा शहाणा मुलगा मारिनाचे प्रेत लपवायला तयार होतो. कोणाला तरी आपण हवे आहोत, एवढेच त्याला पुरते. त्याला त्या गर्तेतून बाहेर काढते ते गॅझेट नसते. ज्याचा त्याने आयुष्यभर हेवा केला, तो दादा त्याच्याजवळ बसतो आणि त्याचे सगळे ऐकून घेतो.

एक आक्षेप मात्र शेवटपर्यंत उरतो आणि तो मान्य केला पाहिजे: या कथेतले मोठे सुटून जातात. तिन्ही आयांना, निघून गेलेल्या बापाला, काहीच न पाहणाऱ्या शिक्षकांना कथा जाब विचारत नाही. त्यांना सुधारूनही दाखवत नाही. जगात पुष्कळ मुलांच्या वाट्याला हेच येते, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल, आणि तिने खोटी आशा दिली नाही हेही खरे. ताकोपी आपला जीव खर्चून काळ मागे नेतो आणि स्वतः त्यातून नाहीसा होतो. नव्या काळात मारिना पुन्हा शिझुकाला छळते आहे. एवढ्यात शिझुकाच्या वहीत कोणी काढले ते ठाऊक नसलेले एक वेडेवाकडे चित्र दोघींना दिसते: गोल डोके, आखूड हातपाय, हसरा चेहरा. आठवत काहीच नाही, तरी दोघी त्या पानासमोर उभ्या राहून रडतात. सहा वर्षांनी त्या मैत्रिणी म्हणून एकत्र हिंडताना, बडबड करताना दिसतात.