खटपट : घाटात तहानलेली गाडी

गेल्या वेळी आपण सायकलचं पंक्चर काढलं. आजची गळती जरा मोठी आहे, आणि ती व्हायला कारण मीच, हे आधीच कबूल करून टाकतो.

झालं असं, की ताई, माझी सातवीतली भाची आणि मी चिपळूणहून कराडला निघालो होतो. कुंभार्ली घाट अर्धा चढलो असू-नसू, तोच तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. भाची टुणकन उतरली. हाताला रुमाल गुंडाळून म्हणते कशी, "मामा, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओतू?"

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडलो, की बिचारी दचकलीच.

का ओरडलो? घरचा कुकर आठवा. वाफ जिरायच्या आधी आई कधी झाकण काढते का? रेडिएटरच्या झाकणातही एक स्प्रिंग असते. ती आतलं पाणी साधारण एका वातावरणाइतक्या जादा दाबाखाली कोंडून ठेवते. अशा दाबाखाली पाणी १०० नव्हे, सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं. झाकण काढलंत की दाब क्षणात उतरतो आणि शंभराच्या वर तापलेलं ते पाणी वाफ होऊन उसळतं, थेट तोंडावर! तिथे रुमाल काय पुरणार? शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं, तर त्याच्या धातूला तडा जाऊ शकतो. म्हणून गपचूप तासभर थांबायचं. आम्ही थांबलो. भेळ संपवली.

तेवढ्यात पोफळीहून एक मिस्त्री मोटारसायकलवरून आले. गाडीखाली हिरवट थारोळं साचलं होतं आणि एक कुत्रं ते चाटायला आलं. मिस्त्रींनी आधी त्याला हाकललं आणि थारोळ्यावर माती लोटली. "गोड लागतं हे, पण विष आहे," ते म्हणाले. खरंच आहे. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. थोडंसं पोटात गेलं तरी कुत्र्या-मांजरांचा जीव जाऊ शकतो. घरात लहान भाऊ-बहीण असेल तर ही बाटली उंचावरच ठेवा.

आता गळती कुठे? मिस्त्रींनी आधी वाळलेले डाग शोधले. कूलंट सुकला की मागे पांढरट-हिरवट खपली राहते. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा वरचा रबरी पाइप जिथे बसतो, त्या प्लॅस्टिकच्या तोंडावर, बरोबर क्लिपखाली, खपली होती. पाइप काढला तर काय, तोंडाला नखाएवढी चीर!

आणि इथे माझी मान खाली गेली. महिन्यापूर्वी तिथून एक-दोन थेंब येत होते. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि क्लिप आवळली, अजून थोडी, अजून थोडी. रबर दबतं हो, पण वर्षानुवर्षं तापून-निवून ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक दबत नाही, ते चिरतं. आणि चिरेतून नुसतं पाणी जात नाही, दाबही जातो. म्हणजे पाणी कमी, वर ते लवकर उकळणार.

पूर्वीच्या रेडिएटरांच्या टाक्या पितळेच्या असत. डाख लावला की काम झालं. प्लॅस्टिकला डाख कसा लावणार? एम-सील लावूया, असं मी सुचवलं. मिस्त्री हसले. या प्लॅस्टिकवर ते नीट धरत नाही आणि गरम पाण्याच्या दाबाने सुटतं, म्हणाले. त्यांनी करवतीच्या पात्याने चिरलेली कड तेवढी कापली, कानशीने घासून गुळगुळीत केली, कीस पुसून काढला आणि पाइप आतपर्यंत सरकवून धड भागावर क्लिप बसवली, बेताने आवळून. मग झाकण उघडं ठेवून पाणी भरलं, इंजिन सुरू केलं, हीटर लावला आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं पाणी घालत राहिले. अडकलेली हवा अशी बाहेर काढावी लागते. ती राहिली तर इंजिन पुन्हा तापणार.

"हे कराडपर्यंतच," त्यांनी बजावलं. पाइप निसटू नये म्हणून त्या तोंडाच्या टोकाला एक उंचवटा असतो, तोच आता कापला गेला होता. काट्यावर नजर ठेवत, हळूहळू आम्ही पोचलो. तिथे नवा रेडिएटर बसवला आणि निम्मा कूलंट, निम्मं बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरलं.

जुना रेडिएटर भाचीने मागून घेतला. चांगला धुऊन ती आता त्याच्या कडेच्या पत्र्याच्या दाती उघडत बसली आहे. आतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मोजायच्यात म्हणे. मघाशी स्क्रूड्रायव्हर मागायला आली. "देते परत," म्हणाली, "तुझ्या हातात राहण्यापेक्षा बरा!"