गोठणगावचा तिबेटी कॅम्प : आठवणी आहेत तोवर नोंदवू या

महाशिवरात्रीला सडक अर्जुनी तालुक्यातल्या गावागावांतून माणसं प्रतापगडच्या यात्रेला जातात. महादेवाचं दर्शन घेतात, ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यावर माथा टेकतात, चिवडा-बत्तासे घेऊन परततात. त्याच मुलखात गोठणगावजवळ तिसरं एक श्रद्धास्थान आहे. तिबेटी कॅम्पातला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. तिकडे आपल्यापैकी फार थोड्यांची पावलं वळतात, आणि वळलीच तर मोबाइलवर फोटो काढून परत येतात.

नॉर्ग्येलिंग हे या वसाहतीचं नाव. १९५९ मध्ये ल्हासातला उठाव चिरडला गेला. दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय उतरले. यातल्या अनेकांनी पहिली वर्षं डोंगरात रस्त्यांसाठी खडी फोडण्यात काढली. मग कर्नाटकात बैलकुप्पे, मुंडगोड, आजच्या छत्तीसगडात मैनपाट अशा शेतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. आपल्याकडची वसाहत १९७२ ची. तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता; तो १९९९ मध्ये वेगळा झाला. म्हणून तिबेटी लोक या वसाहतीला आजही ‘भंडारा’ म्हणतात. जिल्ह्याचं विभाजन त्यांच्या बोलण्यात अजून झालेलं नाही!

बर्फाच्या पठारावरून आलेल्या माणसांनी विदर्भाचा उन्हाळा कसा सोसला असेल? पाऊस बेभरवशाचा आणि जंगल अंगणाशी, अशा मुलखात त्यांनी पहिल्यांदा धान कसं लावलं? कोणत्या गावकऱ्याने त्यांना बांधी दाखवली? हिवाळा लागला की स्वेटरांची गाठोडी घेऊन शहर गाठायची रीत कोणी पाडली? गोम्पासाठी विटा-चुना कुठून आला, मूर्ती कोणी आणल्या, पहिला लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, कसा साजरा झाला? याची उत्तरं काही म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहेत. १९५९ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशी ओलांडून गेला आहे.

तरुण पिढी बाहेर पडते आहे. तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या गणनेत भारतात ९४ हजारांवर तिबेटी होते. त्यानंतर संख्या घटत गेली. कुणी बंगळूर-दिल्लीला, कुणी अमेरिका-कॅनडाला. यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. आपली मुलं तरी सडक अर्जुनीत किती थांबतात? पण आपल्या मागे सातबारा असतो, देऊळ असतं, भाऊबंद असतात. ज्यांचा मूळ देशच हातून गेला, त्यांचं इथलं अर्धशतक कुणी लिहिलं नाही तर ते शोधायचं कुठे?

वळिवड्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. ते गेले, त्या जागी सिंधी निर्वासित आले आणि आज तिथे गांधीनगरची बाजारपेठ आहे. तिथला स्मृतिस्तंभ उभा राहायला २०१९ साल उजाडलं. तोवर आठवणी टिकल्या, कारण त्या पोलिश मुलांनी मोठेपणी संघटना काढून त्या स्वतः ग्रंथरूपात छापल्या. आपण ते काम त्यांच्यावर सोडलं होतं. गोठणगावच्या बाबतीत तसं होऊ नये, असं मला फार वाटतं.

सडक अर्जुनीच्या, नवेगावबांधच्या, अर्जुनी मोरगावच्या मंडळींनो, हे काम आपण करू शकतो. झाडीबोलीची संमेलनं भरवणारे, दंडारीसाठी रात्र जागवणारे लोक आहोत आपण. महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना हाच प्रकल्प द्यावा. कॅम्पातल्या तरुणांना सोबत घ्यावं, कारण म्हातारी माणसं मन मोकळं करतील ती तिबेटीतच, आणि ते समजून घ्यायला घरातलंच कुणीतरी हवं. आपल्या बाजूच्या आठवणीही तितक्याच मोलाच्या आहेत. ज्यांच्या आजोबांनी तिबेट्यांना बैलजोडी विकली असेल, ज्यांच्या दुकानात त्यांचं उधारीचं खातं असेल, त्यांनी जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळून पाहाव्यात.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. ही त्यांची कहाणी आहे. कागदपत्रांचा, नोंदणी दाखल्यांचा प्रश्न त्यांच्यासाठी नाजूक असतो. तेव्हा काय छापायचं आणि काय झाकून ठेवायचं ते त्यांनी ठरवायचं. आधी वसाहतीच्या कार्यालयात आणि गोम्पातल्या ज्येष्ठ भिक्खूंकडे जाऊन परवानगी मागू. ती मिळाली तरच रेकॉर्डिंग सुरू करू. जे जमेल त्याच्या दोन प्रती करू, एक कॅम्पात आणि एक तालुक्याच्या वाचनालयात. ज्यांना यायचं आहे त्यांनी धानाची कापणी आटोपली की तयार राहावं. त्या दिवसांत कॅम्पातली कर्ती माणसं स्वेटर विकायला बाहेर असतात, पण आपल्याला ज्यांच्याशी बोलायचं आहे ती म्हातारी मंडळी घरीच असतील.