अपेक्षा वाढल्यात म्हणे!

कोरियन सीरियल बघून पोरी बिघडायल्यात, त्यांना आता साधा नवरा चालत नाही, असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. पण या सीरियल बघून पोरी मागतात तरी काय?

अंबाजोगाईवरून परळीला येणारी संध्याकाळची एसटी गच्च भरलेली असते. एका हातानं वरची दांडी धरायची, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि एकाच इअरफोनचं एक टोक माझ्या कानात, दुसरं मैत्रिणीच्या. परवा शेजारच्या सीटवरच्या मावशी डोकावल्या.

‘काय बघायलीस ग एवढं? हे चिनी पोरं हायेत का?’

‘नाही मावशी, कोरियन.’

‘एकच की ते!’

एक नाही ते, पण मावशींना एसटीत उभ्या उभ्या काय समजावणार? आणि समजा चिनी असते तरी आम्ही बघितलंच असतं. ‘हिडन लव्ह’ चिनीच आहे, तेही अख्खं बघून झालंय.

आमच्या गावात दोन गोष्टी कायम असतात. वैजनाथाच्या दर्शनाची गर्दी आणि थर्मलची राख. कॉलेज सुटल्यावर मुलींनी बसावं, गप्पा माराव्यात अशी जागा मात्र शोधावी लागते. मुलगा-मुलगी दोन मिनिटं बोलत उभे राहिले तर बातमी त्यांच्या आधी घरी पोचते. लॉकडाऊनमध्ये मोबाइल हातात आला, नेट स्वस्त होतं आणि कोरियन सीरियल हिंदीत डब होऊन यायला लागल्या. एमएक्स प्लेअरवर तर फुकट, मधल्या जाहिराती तेवढ्या सहन करायच्या. सबटायटल वाचायचीही गरज नाही. दिल्लीच्या टोनमध्ये बोलणारा कोरियन हिरो पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. नंतर सवय झाली.

आता तक्रारीकडं येते. वर्गातली पोरं म्हणतात, ‘तुम्हाला काय, तसला गोरागोमटा पाहिजे, गाडीवाला पाहिजे.’ घरी आलेले पाहुणे म्हणतात, ‘हल्ली पोरींच्या अपेक्षा लई वाढल्यात.’ दोघांचाही समज असा, की आम्ही ते कपडे, ती कॉफीशॉपं आणि पहिला बर्फ बघून भुलतो. परळीत बर्फ रसवंतीवर मिळतो, हे आम्हाला माहीत आहे हो!

माझ्या मैत्रिणींना या सीरियलमधले कुठले सीन आठवतात, ते सांगते. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ सगळ्यांनी बघितली आहे. दक्षिण कोरियातली एक श्रीमंत बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि उत्तर कोरियात जाऊन पडते. तिथला लष्करी अधिकारी तिला लपवून ठेवतो. पुढं सरहद्द, पाठलाग, गोळीबार सगळं आहे. पण आमच्या ग्रुपवर सारखा फिरणारा सीन कुठला? तर तो तिच्यासाठी घरी नूडल्स करतो आणि कॉफीच्या बिया भाजून, दळून कॉफी देतो, तो. बंदूक चालवणारा माणूस चुलीपुढं उभा राहतो, एवढ्यावर आम्ही फिदा.

२०१७ची ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’ तर प्रत्येकीनं बघावी. प्रत्येकानंही. राहायला जागा पाहिजे म्हणून ती, आणि घराचा हप्ता भरायला भाडं पाहिजे म्हणून तो, असे दोघं करार करून लग्न करतात. मग सासरी पूर्वजांचा विधी येतो. ती सुनेसारखी दिवसभर तिथं राबते. करारात हे काम नव्हतं. तर त्याची फेड म्हणून तो तिच्या माहेरी जातो आणि बायकांमध्ये बसून वर्षभराची किमची घालतो. आपल्याकडं असं झालंय का, की सुनेनं सासरी पुरणावरणाचा स्वयंपाक रांधला म्हणून जावई सासुरवाडीला कुरडया करायला गेला? जावई गेला की उलट अख्खं घर त्याच्यापुढं पळतं.

आणि २०२५ची ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स’. ही जेजू बेटावरची गोष्ट. मूळ नावसुद्धा जेजूच्या बोलीत आहे, आणि त्या बोलीतले शब्द सोलच्या माणसाला भलताच अर्थ सांगतात. (आमचं ‘करायलाव, जायलाव’ ऐकून पुण्यात हसतात, त्यांनी याची नोंद घ्यावी.) आय यू आणि पार्क बो-गम यांचं काम आहे. हिरो साधा मासेमारी करणारा, गाडी-बंगला काही नाही. सासरी पुरुषांचं ताट वेगळं आणि बायकांचं वेगळं. हा पोरगा भाषण देत नाही, भांडत नाही. जेवता जेवता नुसता मागं वळतो आणि पुरुषांकडं पाठ करून बायकोच्या ताटाकडं तोंड करून जेवायला लागतो. बस्स. तो सीन बघून माझी आई, जी या सीरियलना ‘चपट्या नाकाची नाटकं’ म्हणते, ती हातातली मेथी निवडायची थांबली होती. आमच्या घरी आई सगळ्यात शेवटी जेवते. तुमच्याही घरी बहुतेक तसंच असेल.

तर या अपेक्षा वाढल्यात. महाग आहेत का त्या?

पण मी या सीरियलची आंधळी भक्त नाही, भांडणही आहे माझं. पहिलं भांडण मनगट धरण्यावरून. हिरोला राग आला, की तो हिरॉइनचं मनगट धरून तिला ओढत नेतो आणि मागं हळवं गाणं वाजतं. २००९च्या ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’चं उदाहरण घ्या. तिचा मूळ धागा जपानी मंगा, ‘हाना योरी दांगो’. त्यावर तैवाननं २००१ साली सीरियल काढली, जपाननं २००५ला, कोरियानं २००९ला आणि चीननं २०१८ला. म्हणजे अर्ध्या आशियानं आलटून पालटून एकच गोष्ट बघितली. गोष्ट काय? श्रीमंत पोरांच्या शाळेत गरीब घरची पोरगी येते. सगळ्यात श्रीमंत पोरगा लाल कार्ड काढतो आणि सगळी शाळा तिच्या मागं लागते. आणि नंतर प्रेम त्याच्यावरच! दहावीत बघितली तेव्हा मलाही तो भारी वाटला होता. आता वाटत नाही. क्लासपासून घरापर्यंत मागं मागं येणारी गाडी आमच्यातल्या बहुतेकींनी अनुभवली आहे. त्याची मित्रमंडळी ‘वहिनी’ म्हणून ओरडतात. घरी सांगितलं तर त्या पोराचं काही होत नाही, आपला क्लास बंद होतो. त्यामुळं पाठलागाला प्रेम म्हणणारी सीरियल कोरियातली असो नाहीतर आपल्या सिनेमातली, माझ्याकडून तिला शून्य मार्क. अलीकडच्या सीरियलमध्ये हे कमी झालंय. हिरो आता हात धरायच्या आधी विचारतो. आमच्यातल्या काही जणी म्हणतात की त्यात मजा नाही. मी त्यांच्याशी भांडते.

दुसरं भांडण जातीचं. या गोष्टींमध्ये आडवी येते ती हिरोची श्रीमंत आई. ती पाकीट टेबलावर सरकवते आणि म्हणते, माझ्या पोराला सोड. नाहीतर जुना अपघात, नाहीतर आजार. जात नाही. आपल्याकडं पहिला प्रश्न आडनावाचा येतो आणि बऱ्याचदा गोष्ट तिथंच संपते. पण कोरियातही आडनावाची भानगड होती, हे मला नंतर कळलं. एकच आडनाव आणि एकच मूळ गाव असलेल्यांना तिथं कायद्यानं लग्न करता येत नव्हतं. थेट आपल्या सगोत्रासारखं. त्यात किम, ली, पार्क अशी मोजकीच आडनावं असलेला देश! १९९७ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानं हा नियम घटनेविरुद्ध ठरवला आणि २००५ साली तो कायद्यातूनही गेला. पडद्यावरचे हे सगळे किम आणि ली एवढे मोकळे दिसतात, पण हा नियम जाऊन फार वर्षं झालेली नाहीत.

आणि खरे कोरियन पुरुष तरी कुठं सीरियलसारखे आहेत? २०२३ साली तिथला जननदर ०.७२वर आला, जगात सगळ्यात कमी. घर महाग, नोकरीचे तास लांब, आणि लग्नानंतरची सगळी कामं बाईच्याच गळ्यात, म्हणून तिथल्या कितीतरी मुली लग्नच नको म्हणतात. म्हणजे तो वळून जेवणारा नवरा त्यांनाही टीव्हीवरच बघायला मिळतो.

मग आपल्याकडं काय होतं बघायला? ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ते २०२१ चालली. आमचं हायस्कूल संपलं, तिचं भांडण संपेना. दुसरीकडं ‘सैराट’. तो खरा आहे, म्हणूनच शेवट बघवत नाही. नवऱ्याला धडा शिकवण्यात जाणारी वर्षं आणि जिवावर उठणारी माणसं यांच्यामध्ये दोन माणसं एकमेकांना हळूहळू ओळखतात, ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितलीच नाही. कोरियन सीरियलला त्यासाठी सोळा एपिसोड लागतात. आपल्या बघण्याच्या कार्यक्रमात पोहे संपेपर्यंतचा वेळ मिळतो. बीड जिल्हा बालविवाहांसाठी राज्यात बदनाम आहे. तिथं पदवीपर्यंत पोचलेल्या आम्ही नशीबवानच म्हणायच्या.

एसटीत माझ्याबरोबर इअरफोन वाटून घेणारी मैत्रीण आहे ना, तिला दिवाळीनंतर एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मग कुणीतरी म्हणालं, ‘तुला काही विचारायचंय का?’ हे म्हणायची पद्धत असते, विचारायची नसते. हिनं विचारलं, ‘तुम्हाला स्वयंपाकातलं काय काय येतं?’

सगळे हसले. मुलगा खाली बघून म्हणाला, ‘मॅगी.’ पाहुणे गेल्यावर घरी मात्र बोलणी बसली. मोबाइल आठ दिवस काढून घेतला. हेच शिकायलीस का त्यात, अपेक्षा बघा हिच्या, वगैरे.

स्थळाकडून होकार आला आहे. तो हसून ‘मॅगी’ म्हणाला, चिडला नाही, एवढ्यावर तिनं त्याला पास केलंय. मी म्हटलं, अजून एक-दोनदा भेट की, बोल. ती म्हणाली, ‘भेटू देत नाहीत ग. फोनवर बोलू देतो म्हणलेत, आईसमोर.’

तिच्या ‘टँजरिन्स’चे शेवटचे तीन एपिसोड राहिलेत. मला बजावून ठेवलंय, शेवट सांगायचा नाही.