अणुसुरक्षा : एका शब्दाची अडचण

लाखांदूर तालुक्यातला माणूस क्ष-किरण तपासणी करून घेत नाही. तो फोटो काढतो. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, कमरेचा फोटो. गावी सोय नसली तर वडसा किंवा ब्रह्मपुरी गाठतो आणि मोठ्या पाकिटातली काळी फिल्म काखेत धरून परत येतो. लोकांनी घडवलेला हा शब्द आम्हांला मनापासून आवडतो. यंत्रापुढे उभे राहायचे, श्वास रोखायचा, मागाहून चित्र हाती येते. एवढ्या अनुभवाला 'फोटो'पेक्षा नेमका शब्द कोणता असणार? पण फोटोला कोणी भीत नाही, हीच या शब्दाची उणीवही आहे. फोटोच्या खोलीतून 'बाहेर थांबा' असे सांगितले की सोबतच्या बाईला तो अपमान वाटतो. लेकराला धरून ठेवायला मी नको का, असा तिचा रास्त प्रश्न असतो.

दुसऱ्या टोकाला परिभाषा कोशातला 'प्रारण' हा शब्द आहे. तो शास्त्रशुद्ध आहे. फक्त तो कोणी बोलत नाही. वर्तमानपत्रे 'किरणोत्सर्ग' आणि 'किरणोत्सार' आलटून पालटून वापरतात. पदार्थाचा गुणधर्म आणि त्यातून बाहेर पडणारी ऊर्जा यांतला भेद त्यात पुसला जातो. झाडीबोलीत तर 'ण'च नाही. तेथे 'किरण'चा 'किरन' होतो आणि पुढचा 'उत्सर्ग' सरकारी पाटीवरच राहतो.

लोकांचा 'फोटो' आणि कोशाचे 'प्रारण' यांच्यामध्ये जी संस्था उभी आहे, तिचे नाव अणुऊर्जा नियामक मंडळ. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली, ती स्थापन झाली. मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरला. तारापूरच्या अणुभट्ट्यांपासून तालुक्याच्या फोटोयंत्रापर्यंत सर्वांवर तिची देखरेख अपेक्षित आहे. सामान्य नागरिकाला अशा नियंत्रित स्रोतांपासून मिळणारी मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत राहावी, आणि या कामावरच्या माणसाची पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत राहावी, असे दंडक आहेत. रुग्णाच्या तपासणीला ही मर्यादा लागू नाही. छातीच्या एका फोटोतून मिळणारी मात्रा या आकड्यांच्या मानाने अगदी किरकोळ असते, तेव्हा रुग्णाने घाबरण्याचे कारण नाही. धोका असतो तो त्याच खोलीत वर्षानुवर्षे बटण दाबणाऱ्या तंत्रज्ञाला, आणि भिंत पातळ असली तर पलीकडच्या बाकावर रोज बसणाऱ्याला.

ही देखरेख प्रत्यक्षात किती होती? महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालानुसार देशात ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रे होती आणि त्यांतील फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. शंभरातली एक्याण्णव नोंदीबाहेर. प्रत्येक राज्यात प्रारण सुरक्षा संचालनालय असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले होते. जुलै २०१२ पर्यंत ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत होते. नियम मोडल्यास होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा कायद्याने ठरवली होती पाचशे रुपये. पुढे मंडळाने परवान्यांसाठी संगणकीय प्रणाली आणली आणि नोंदणी वाढली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण येथे आमचा विषय आकड्यांचा नाही. या संस्थेच्या कामाचे वर्णन करणारा जो एकमेव शब्द मराठीत रूढ आहे, 'सुरक्षा', त्याचा आहे.

हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे यंत्राने, पदार्थाने वा चुकीने माणसाला इजा होऊ नये याची काळजी. दुसरी म्हणजे चोर, घुसखोर आणि शत्रू यांच्यापासून यंत्राचे रक्षण. पहिलीत माणसाला यंत्रापासून वाचवायचे असते, दुसरीत यंत्राला माणसापासून. पहिली सांगण्याने वाढते, दुसरी बव्हंशी लपवण्याने. इंग्रजीत दोन शब्द आहेत. सरकारी हिंदीने पहिलीसाठी 'संरक्षा' आणि दुसरीसाठी 'सुरक्षा' अशी वाटणी केली. मराठीला ती घेता येत नाही, कारण आपल्याकडे 'संरक्षण' म्हटले की सैन्य आठवते.

पहिल्या अर्थाची गरज किती घरगुती असते, हे २०१० साली दिल्लीत दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, कित्येक वर्षे न वापरलेले एक गॅमा उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले, आतला कोबाल्ट-६० हातोहात फिरला, एक माणूस दगावला, काही दवाखान्यात गेले. कोणी काही चोरले नव्हते. शत्रूही कोणी नव्हता. फक्त वस्तू काय आहे हे हमालाला सांगणारे कोणी नव्हते. आणि हे घडले विद्यापीठात, जेथे सांगणे हाच धंदा. धोक्याचे ते तीन पाकळ्यांचे चिन्ह १९४६ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेत रेखाटले गेले. ते अनेकांना काहीच सांगत नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेलाही उमगले होते. २००७ मध्ये तिने जास्त धोक्याच्या स्रोतांसाठी आणखी एक चिन्ह आणले : किरण, कवटी आणि पळणारा माणूस. त्याआधी अकरा देशांत ते लोकांना दाखवून पाहिले होते. चिन्हमीमांसा शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.

आता दुसरा अर्थ पहिल्याला कसा गिळतो ते पाहा. १९९५ मध्ये, ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, मंडळाने अणुऊर्जा विभागाच्या संस्थांमधील सुमारे १३० उणिवांचा अहवाल तयार केला. विषय संपूर्णपणे पहिल्या अर्थाचा. तो जाहीर करावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे यश आले नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून गोपनीयता मान्य केली. दरम्यान २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संस्था मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत व्यवस्थेकडे सोपवण्यात आल्या होत्या. जैतापूरलाही लोकांनी विचारले ते पहिल्या अर्थाने. फुकुशिमाची दुर्घटना मार्च २०११ ची, ताजी होती. समोर उभा राहिला तो मात्र दुसरा अर्थ, गणवेश घालून. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मच्छीमार मरण पावला.

येथे कोणी म्हणेल की दोष शब्दाला कशाला द्यायचा. आक्षेप योग्य आहे. माहिती दडवण्याची मुभा देणारा १९६२ चा कायदा इंग्रजीत लिहिला गेला आणि त्या भाषेत दोन शब्द होतेच. उलट जर्मनमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द आहे, म्हणून तेथील लोकांचे तोंड बंद झाले नाही. शब्द गोपनीयता निर्माण करत नाही, इतके आम्हांलाही कळते. आमचे म्हणणे इतकेच की ज्याच्याकडे एकच शब्द आहे, त्याने प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्याला हवा तो अर्थ निवडता येतो. 'सुरक्षेचे काय?' या प्रश्नाला 'चोख आहे, पहारा आहे' हे उत्तर व्याकरणदृष्ट्या अगदी बरोबर असते.

मंडळ ज्यांच्यावर देखरेख करते त्यांच्याच छत्राखाली असावे काय, हा वादही दीर्घकाळ चालला. त्यासाठीचे २०११ चे विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबर विरले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या संक्षेपाने ओळखला जाणारा कायदा संमत केला. त्यात मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे. खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाट मोकळी करून देणारा हाच कायदा आहे, आणि माहितीवर निर्बंध घालण्याचा अधिकारही त्यात सरकारकडे आहे. दर्जा मिळाला ही चांगली गोष्ट. परंतु आता गुप्ततेला राष्ट्रहिताच्या जोडीला व्यापारी हिताचेही कारण मिळू शकते, याकडे आम्हांला दुर्लक्ष करवत नाही.

भाषेच्या लोकांनी यात काय करावे? दुसऱ्या अर्थासाठी मराठीत एक धडधाकट शब्द पडून आहे : 'बंदोबस्त'. मंडईच्या रात्री नाटकाला पोलीस येतात, त्याला झाडीपट्टीत कोणी सुरक्षा म्हणत नाही. पहिल्या अर्थासाठी 'निर्धोकपणा' चालेल, अगदीच संस्कृत हवे असेल तर 'सुरक्षितता'. अणुभट्टीचा बंदोबस्त चोख आहे, हे ऐकल्यावर तिच्या निर्धोकपणाविषयी वेगळे विचारायचे राहिले आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल. भाषांतराच्या पेपरात हे दोन शब्द वेगळे ठेवायला विद्यार्थ्यांना सांगणे तरी आपल्या हातात आहे. आणि फोटोच्या खोलीबाहेर 'गर्भवती महिलांनी प्रारणापासून संरक्षणार्थ पूर्वसूचना द्यावी' असे लिहिण्यापेक्षा 'पोटात बाळ असेल तर फोटोआधी सांगा' असे लिहायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.